वेब्लीच्या बांध्याचा माणूस

दुकानात गिऱ्हाईक आलं की दामले आधी काचेवर तीन निकामी काडतुसं उभी करायचे आणि मग विचारायचे, "भीती कुणाची आहे?"

बंदुकांचं दुकान होतं त्यांचं. पहिलं काडतूस वेब्ली रिव्हॉल्व्हरचं, पॉइंट चारशे पंचावन्न बोअरचं, बुटकं, जाडजूड. दुसरं पंचेचाळीस कोल्टचं, चांगलं लांब. तिसरं चव्वेचाळीस मॅग्नमचं. उंचीला कोल्टएवढंच, पण आतल्या दारूचा दाब दुपटीहून जास्त. "वेब्ली ढकलते, कोल्ट गुद्दा मारतं. मॅग्नम दोघांना मारतं, समोरच्याच्या छातीला आणि तुमच्या मनगटाला." त्या दाबाला अखंड पोलादी सांगाडाच लागतो. वेब्ली भरताना बिजागरीवर मोडून उघडते. तिला तो झेपत नाही. "मोडून उघडणाऱ्यानं फार दाब घेऊ नये," असं म्हणून ते काडतुसं पुसून ठेवत.

आयटीवाले आले, वाघोली-मांजरीकडच्या जमिनींना भाव आला आणि दुकानात सोन्याच्या साखळ्या येऊ लागल्या.

"सगळ्यात मोठं कंचं हाय?"

"मॅग्नम. वाघोलीत हत्ती येतात का?"

"न्हाई ओ. चुलतभाऊ येतो."

"मग वकील करा. त्याचा नेम चांगला असतो."

गिऱ्हाईक शेवटी बत्तीसचं रिव्हॉल्व्हर घेऊन हिरमुसलं होऊन जाई. लग्नात कमरेला लावून मिरवायला तेवढं पुरत असे.

दामल्यांची स्वतःची वेब्ली, वडिलांकडून आलेली, सदाशिव पेठेत घरच्या कपाटात होती. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचो. त्यांच्या पत्नी नलूवहिनी दसऱ्याला तिच्यावर झेंडूचं फूल ठेवायच्या आणि म्हणायच्या, "झाली पूजा, आता वर्षभर तोंड दाखवू नका हिचं."

वहिनी गेल्या आणि दामले दुकानात जाईनासे झाले. दिवसभर त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसत. कॅलिफोर्नियातून त्यांच्या मुलीचा, मेधाचा, मला फोन आला. "काका, बाबा बोलतच नाहीत हो. आणि ती वस्तू घरात आहे."

मी दामल्यांना म्हटलं, "वेब्ली दुकानात ठेवू या का?"

"आपण प्रोफेसर आहात. हवालदार नाही."

त्यानंतर मी रोज संध्याकाळी चहाला जाऊ लागलो. चहा वाईट असे. मी कपाटाची किल्ली जागेवर आहे का ते बघत असे, आणि मी ते बघतो आहे हे दामले बघत असत.

मग निवडणूक लागली. परवानाधारकांनी शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची, असा नियम. दरवेळी दामले यावर तास-तास कुरकुरत: "मतदान करतो म्हणून आम्ही संशयित!" या वेळी नोटीस यायच्या आधीच ते दारात उभे. हातात कापडी पिशवी. "चला प्रोफेसर. रिकामी आहे. काडतुसंही देऊन टाकतो."

निकाल लागले, गुलाल उधळून झाला. ठाण्यातून फोन आला, "काका, न्या की तुमची तोफ." दामले म्हणाले, "राहू द्या. पुढच्या निवडणुकीला परत आणायचा त्रास वाचेल."

फोन ठेवून त्यांनी कपाटासमोरची खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "जन्मभर काडतुसांची तुलना केली हो. नलू गेल्यावर त्या कपाटासमोर बसलो, तर सगळी सारखीच वाटायला लागली. तेव्हा घाबरलो. मी वेब्लीच्याच बांध्याचा आहे, प्रोफेसर." आणि लगेच, "चहा घेणार? कालच्यापेक्षा बरा करतो."

बरा नव्हता. पण नंतर काही वर्षं मी तो पीत राहिलो. ते दुकानातही जाऊ लागले. गिऱ्हाईकाला काडतुसं मात्र काढून दाखवत नसत.

गेले ते न्यूमोनियानं, इस्पितळात, मेधाचा हात हातात असताना. तेराव्यानंतर मी आणि ती ठाण्यात गेलो, वेब्ली कायमची सरकारजमा करायला. शिपायानं ती मोडून उघडली. काडतुसांची सहाही घरं रिकामी होती.

मेधानं ती क्षणभर हातात घेतली. "इतकी वर्षं बाबांनी परत का नाही आणली, काका?"

"जड झाली होती," मी म्हटलं.

तिनं तळहातावर वेब्लीचं वजन पाहिलं आणि मान डोलावली.