सुनेची अर्धी भाकर

औंढ्याजवळच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून मी अख्खी नोकरी काढली. तिथं औषधं संपायची, किस्से कधी संपले नाहीत. लोकांना शहाणपण शिकवायला जा, हमखास एखादा किस्सा पदरात पडतो!

*

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. शेजारच्या इंदूबाईंची सून सुनीता गरोदर होती, आणि इंदूबाई तिला जेवायला अर्धी भाकर वाढायच्या.

"काहून हो?" मी विचारलं.

"पोटात लेकरू मोठं झालं की बाळंतपणात बाई अडती, सिस्टर."

"मग गाभण म्हशीला एवढी पेंड?"

"तिचं दूध काढायचं हाय की!"

घ्या! त्या घरात सुनेपेक्षा म्हैस सुखी होती.

*

रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्या अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी सापडल्या.

"गोळ्यानं लेकरू काळं होतंय," इंदूबाई म्हणाल्या.

सुनीता पांढरीफटक, जास्वंद मात्र टवटवीत!

*

मोठ्या आरोग्य केंद्रातले आमचे डॉक्टर म्हणजे चालतंबोलतं पुस्तक. सुनीताला म्हणाले, "दूध, अंडी, सफरचंद रोज घ्यायचं."

सासू बाहेर बसलेली बघून सुनीता हळूच बोलली, "साहेब, आत्याबाईला उरलेली अर्धी भाकर द्याया सांगा ना."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मला अस्सा संताप आला!

*

पोरगं झालं, मांजराच्या पिलाएवढं. इंदूबाई गावभर सांगत सुटल्या, "बगा, कसं सुटसुटीत बाळंतपण!"

मग त्याच पोराला फुगवायला घेतलं. तूप-साखर, बिस्किटं, पुन्हा तूप-साखर. शाळेत जाईस्तोवर पप्पूला शर्टाची बटणं लागेनात.

"खात्यापित्या घरचं लेकरू हाय!" ही वर मिजास.

*

पुढे एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं, आईच्या पोटात उपाशी राहिलेलं मूल नंतर असं फुगलं, तर त्याला शुगर व्हायची भीती जास्त. मी तडक इंदूबाईंकडे गेले.

त्या खो-खो हसल्या. "शुगर म्हाताऱ्या मानसाला होती, सिस्टर. तुमाला कायबी शिकवून राहिले!"

*

पप्पू कॉलेजात गेला आणि सारखं पाणी पिऊन बेजार झाला. तपासलं, तर शुगर. मी, इंदूबाई, सुनीता, तिघी डॉक्टरांपुढे उभ्या.

"तूप-साखर बंद," डॉक्टर म्हणाले. "आणि रात्री अर्धीच भाकर."

इंदूबाईंनी ऊर बडवून घेतला. "अर्ध्या भाकरीवर कुनी जगतं व्हय, साहेब?"

सुनीता मागं उभी होती.

"जगतं की, आत्याबाई," ती म्हणाली.