गाठीची जागा

परभणीच्या स्टेशनापलीकडं भंगाराच्या दुकानांची एक ओळ आहे. परवा रिक्षा मिळेना म्हणून पायीच निघाले, तर एका दुकानासमोर दुधाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनची थप्पी लागलेली. पोचे पडलेले, कान तुटलेले, अंगावर लाल रंगानं घातलेले आकडे अर्धवट खरवडलेले. एकाचं झाकण कलतं पडलं होतं आणि त्यातून तो वास आला. दूध केव्हाच संपलेलं, पण सांध्यात मुरलेला आंबूस, किंचित गोडसर वास काही निघत नाही. कितीही सोड्यानं धुवा, तो आपला तिथंच. नाक मुरडून पुढं जायचं सोडून मी उभी राहिले. दुकानदाराला वाटलं, बाईंना कॅन हवाय. "झाडं लावायला नेतेत लोकं, बघा," म्हणाला. मी मान हलवली आणि निघाले, पण मन काही तिथून निघालं नाही. दिवसभर त्या वासाच्या मागोमाग एक जुनं हिवाळी ऊन आणि एक म्हातारी माझ्या घरात फिरत होती.

हल्ली भाचरं पुण्यात जाऊन ज्याला सप्लाय चेन म्हणतात ते शिकतात. मीही तेच शिकले आहे, असं सांगितलं की ती हसतात. हसू देत बापडी. आमच्या वेळी त्याला एवढं झोकदार नाव नव्हतं. विद्यापीठात शेतीच्या अर्थशास्त्राबरोबर तो एक पेपर होता, माल कुठून निघतो, कुठं थांबतो, कुठं सडतो, याचा. शिकवणारे सर हैदराबादेत शिकलेले. त्यांच्या मराठीत उर्दूचा एखादा शब्द खडीसाखरेच्या खड्यासारखा यायचा. पहिल्याच तासाला म्हणाले, "बाकीचे लोक तुम्हाला पिकवायला शिकवतील, मी पोचवायला शिकवतो. पिकलेलं पोचलं नाही, तर सब बेकार." वर्गात मी एकटीच मुलगी. पोरीच्या जातीला गोदामं न् ट्रकांचं काय करायचंय, असं शेजारच्या काकू आईला विचारत. मला मात्र तो विषय मनापासून आवडला होता. मोसंबीचा एक ट्रक वेळेत पोचण्यामागं किती माणसांचं, किती घाटांचं, किती अडत्यांचं गणित असतं, हे पाहून मी हरखून जायची. जगातला गुंता सुटत नाही तो गणित येत नाही म्हणून, असं वाटायचं ते वय होतं.

दिवस मात्र वाईट होते. नामांतराचे दिवस. तुमच्या-माझ्या वयाच्या मराठवाड्यातल्या माणसाला त्याहून जास्त सांगावं लागत नाही. कुणी पाटी लावली नव्हती, तरी कँटीनमधली टेबलं वाटली गेली होती. कालपर्यंत एका ताटात जेवणारी मुलं होस्टेलच्या जिन्यात एकमेकांना वाट देताना भिंतीकडं बघत. बंद पुकारला की एसट्या आगारात उभ्या राहत, आणि खेड्यांतून येणाऱ्या बातम्या घरातली मोठी माणसं आम्हा मुलींना खोलीबाहेर घालवून बोलत. प्रकल्पासाठी जोड्या लागल्या तेव्हा मला मुलगी म्हणून कुणी घेईना. आणखी एका मुलालाही कुणी घेईना; कशासाठी, ते सांगायला नको. राहिलेल्या दोघांची सरांनी जोडी लावली. तो जिंतूर तालुक्यातला, चारठाण्याच्या पुढं आत असलेल्या एका गावचा, बौद्ध घरातला. बाप लहानपणीच गेलेला. माय आणि एक म्हैस एवढंच घर. सगळी मुलं बँकेच्या नोकरीकडं डोळे लावून बसलेली, आणि हा एकटा म्हणायचा, "शिकून गावातच ऱ्हायचंय मला. म्हशी हायेत, चारा हाय. फक्त दूध बाहेर पडायला वाट न्हाई. ती वाट मी करणार." दूध खात्याला त्या भागात संकलन केंद्रं काढायची होती. कोणत्या गावात, कोणत्या जागी, याची पाहणी सरांनी मागून घेतली आणि त्याचंच गाव आमच्या वाट्याला आलं. त्याला तर आभाळच ठेंगणं झालं.

विद्यापीठाच्या जीपमधून आम्ही कितीदा तरी गेलो. चारठाण्याच्या जुन्या देवळांपाशी सर हटकून थांबायला लावत. कुणी घडवलेले कोण जाणे ते खांब, ऊन पडलं की अंगावरची नक्षी अशी उठायची की हात लावल्याशिवाय राहवायचं नाही. सर म्हणायचे, एवढाले दगड यांनी आणले कसे, ते आधी शोधा, मग देवाला नमस्कार करा. तो मात्र देवळाबाहेर जीपला टेकून उभा असायचा. आणि गाव आलं की तो आम्हाला वेशीतून न नेता ओढ्याकाठच्या वाटेनं न्यायचा. जवळ पडतं, म्हणायचा. जवळ काही पडत नव्हतं.

घराघरात शिरून जनावरं, धारा, घरात किती दूध राहतं, हे विचारायचं काम माझं, कारण ते बायकांना विचारायचं होतं. त्याच्या मायच्या घरी मी सगळ्यात शेवटी, त्याला बरोबर घेऊन गेले. वयानं तशी म्हातारी नव्हती ती, पण गुडघे गेले होते. पहाटे धार काढून ती चरवी घेऊन सडकेच्या फाट्यापर्यंत चालत जायची, तिथून मिळेल त्या गाडीनं जिंतूरला. तिथल्या हॉटेलात तिचं दूध जायचं. तिथं कुणी जात-गोत विचारत नव्हतं. गावात तिच्या हातचं दूध कोण घेणार? तिनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि पदर दातात धरून मी पिते का ते बघत राहिली. मी प्याले. तेव्हा ती जवळ सरकली आणि म्हणाली, "माय, येक इचारू का? ते सरकारचं डबडं येणार हाय म्हंतेत. त्याच्यात समद्यांचं दूध येकच होणार का?" मी तिच्या मुलाकडं बघितलं. तो म्हणाला, "हो माय. येकच." मग तिनं स्वतःशीच मान हलवली. एवढंच तिला हवं होतं: गावाच्या कॅनमध्ये आपलं दूध पडावं, आणि फाट्यापर्यंतची ती चाल एकदाची चुकावी.

गणित आम्ही कागदावर केलंच, पण सरांचा जीव एका फळीत होता. जाड फळीवर गावाचा नकाशा चिकटवायचा, प्रत्येक वस्तीच्या जागी भोक पाडायचं, त्यातून दोरा ओवायचा आणि ज्या वस्तीचं जितकं दूध तितकं वजन त्या दोऱ्याला फळीखाली लोंबतं सोडायचं. वर सगळ्या दोऱ्यांची मिळून एक गाठ. गाठ हातातून सोडली की ती इकडं ओढली जाते, तिकडं ओढली जाते, आणि एका जागी थांबते. तीच केंद्राची जागा. सगळ्यांना मिळून कमीत कमी चाल पडेल अशी. मोंढ्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून वजनं आणली, फळी दोन बाकांच्या मधे ठेवली आणि सरांनी त्याला गाठ सोडायला सांगितली. ती घरंगळत आली आणि एका कडुलिंबाच्या खुणेवर थांबली. त्या लिंबाखालून मी त्याच्या मायच्या घरी गेले होते. पूर्वी हा बौद्धवाडा गावाबाहेरच होता. पण पलीकडं तांडा वाढला, कालव्याच्या अंगाला नवी वस्ती झाली, आणि गावानं बाहेर ठेवलेली जागाच सगळ्यांच्या मधोमध आली. त्यानं गाठ उचलली, दुसऱ्या कोपऱ्यातून सोडली. ती तिथंच आली. तिसऱ्या कोपऱ्यातून सोडली. तिथंच. मी हळूच म्हटलं, गावाला कसं सांगायचं हे? तो गाठीकडं बघतच म्हणाला, "मी कुठं सांगायलो? फळी सांगायली." त्याच्या तोंडावर तेव्हा जो आनंद होता, तसा मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिला नाही.

मारुतीच्या पारासमोर दोन बाजा टाकून त्यांच्यामधे फळी मांडली. सर होते, दूध खात्याचे साहेब खुर्चीत होते, सगळं गाव होतं. चहा फिरला तेव्हा "मी च्या सोडलाय," असं माझ्या जोडीदारानं हसून सांगितलं. सकाळीच माझ्यासमोर दोन कप रिचवले होते. आधी गंमतच झाली. माणसं पुढं होऊन गाठ उचलत, आपल्या घराशी नेऊन सोडत, आणि ती सुळकन परत लिंबाकडं. "आरं, लय हट्टी हाय ही!" म्हणून हसत. मग ती कुठं थांबतेय ते एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं आणि हसणं आपोआप विझलं. गावच्या पाटलांनी सरांना हात जोडले. "सर, हिसाब तुमचा एकदम बरोबर हाय. जागा तेवढी चुकली." मग ते खाली वाकले, एक दगड उपरण्यात बांधून त्यांनी आपल्या वाड्याच्या दोऱ्याला लटकवला. "आमच्या दावणीचं वजन तुमी कमी धरलंय." गाठ तरातरा धावली ती थेट त्यांच्या अंगणातच. गाव खो-खो हसलं, तेही हसले. "इतकं न्हाई, इतकं न्हाई," म्हणत त्यांनी लहान दगड बांधला, आणि गाठ मारुतीपाशी येऊन थांबली. "हां. आता बसली बघा." सरांनी दगड सोडला आणि बाजूला ठेवला. "वजन झूट, तर गाठ पण झूट, पाटील." गाठ पुन्हा लिंबाखाली गेली. या वेळी कुणीच हसलं नाही. पारावरून एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "आमच्या बाया तिकडं दूध घालायला जाणार न्हाईत. करा तिथं. डबे रिकामे जातील तुमचे." साहेबांनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, दूध जिथं येईल तिथं केंद्र. झालं. मला असा संताप आला होता की दोरे सुटायच्या आधीच मी फळी ओढू लागले होते, आणि तो मात्र एकेक दोरा नीट सोडवत बसला होता, जसं काही त्याहून महत्त्वाचं काम जगात नव्हतं.

केंद्र मारुतीपाशी उघडलं. बौद्धवाड्याचं दूध नाकारलं, असं कुणाला म्हणता आलं नसतं. सोय केली होती ना! त्यांचा कॅन वेगळा. ओळखू यावा म्हणून कानाला चिंधी बांधलेली. माप शेवटी. वाड्यातल्या काही जणांनी नाइलाजानं त्यात दूध घातलं. मायनं घातलं नाही. ती चरवी घेऊन फाट्याकडं चालू लागली, पूर्वीसारखीच. त्याला ते सहन होईना. तो तिला परोपरीनं सांगायचा की वेगळं-बिगळं हे गावापुरतंच आहे, परभणीला समदं एकाच टाकीत जातंय. तिचा विश्वास बसेना. शेवटी एका हिवाळी सकाळी तो तिला परभणीला घेऊन आला आणि मलाही बोलावलं.

शीतकरण केंद्रात ओळखीनं आत सोडलं. टेम्पो लागला होता. कॅन उतरत होते, उघडत होते, पालथे होत होते. चिंधीचा कॅनही आला. हमालानं चिंधीकडं बघितलंसुद्धा नाही, तो इतरांसारखाच उपडा केला. टाकीत सगळं पांढरं, सगळं एक. माय कठड्याला धरून वाकली होती. तिनं हमालाला विचारलं, "बाबा, आता ह्यातलं कुनाचं कोनतं, सांगता यील का?" तो म्हणाला, "आजी, देवालाबी न्हाई यायचं." मुलाचा चेहरा उजळला. "बघितलं न्हवं, माय?" ती फाटकाबाहेर येऊन ओट्यावर बसली, ऊन अंगावर घेतलं, गुडघे चोळले. मग म्हणाली, "इथं येक होतंय न्हवं?"

"हो माय."

"मंग तू इथंच ऱ्हा. गावाकडं येऊ नको."

तो हसला. शिकलेल्या मुलानं गावात कशाला अडकावं, असं तिला वाटत असेल, असं धरून तो समजावू लागला: परीक्षा होऊ दे, मग मीच केंद्र चालवीन, चिंधी मीच सोडून टाकीन. तिनं त्याचा हात धरला. "तुज्या फळीनं त्यायला लय लागलंय रे. त्या दिशी कुनी वरडलं न्हाई, कुनी मारलं न्हाई. त्याचंच भेव हाय मला. आजूबाजूच्या गावात काय झालं ते पाहिलंय म्या. दुधाचं काय, हाटेलात घालीन. तू जित्ता ऱ्हा." तो हसायचा थांबला. ती गंमत करत नव्हती. इतक्या वर्षांत मी पुष्कळ माणसांना रडताना पाहिलं आहे. पण आठवतो तो भर रस्त्यावर मायच्या मांडीशी बसलेला, डोळे कोरडे असलेला मुलगा.

परीक्षा झाली आणि तो गेला, पश्चिमेकडच्या एका मोठ्या डेअरीत. तिथं मोठ्या हुद्द्याला चढला म्हणतात. नामांतराचा वाद पुढं मिटला, किंवा माणसं थकली. गावातलं ते केंद्र कधीच बंद पडलं. आता कुणा खाजगी डेअरीचा टेम्पो दारोदार फिरतो आणि वेगळा कॅन ठेवत नाही म्हणे. ठेवत असला तरी मला कोण सांगणार. काळ बदलतो, हे मला मान्य आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तो आपल्या सवडीनं बदलतो, आणि ज्या माणसासाठी बदलायला हवा होता तो तोवर थांबलेला नसतो. म्हातारी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मुलानं कितीदा बोलावलं, ती गेली नाही. आपण उठलो तर लिंबाखालचं घर मोकळं होईल, ते होऊ द्यायचं नाही, म्हणायची. दिवाळीत तो परभणीपर्यंत यायचा, ती चरवीत खरवस घेऊन यायची, आणि स्टेशनाच्या बाकावर दोघं गाडीची वेळ होईपर्यंत बसायची. तिला तो एकच मुलगा होता. तिनं सांगितलेलं त्यानं पाळलं. गावात त्यानं पुन्हा पाऊल ठेवलं ते तिच्या मातीला.