उत्तरेचं दार

आमच्या थुंगतानमध्ये लढाईत मेलेल्या सैनिकांचं स्मृतिमंदिर आहे, पण ते गावाकडे पाठ करून बसलंय. मोठ्या रस्त्यानं आलात तर नुसती पांढरी भिंत दिसते. मग दार कुठाय हे विचारायला लोक माझ्या दुकानात शिरतात. मी हातातला झारा ठेवते आणि सांगते, बोळातनं वळसा घाला, नदीच्या अंगाला जा. निम्मे जण शेवया न खाताच वळसा घालायला निघून जातात. तेव्हा त्या दारावर माझं प्रेम असायचं काही कारण नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

लढाई माझ्या आजीच्या वेळची. जपानी फौज डोंगर उतरून येत होती, तिला अडवायला चीनच्या पार उत्तरेतनं, शानदोंगमधनं पोरं आली आणि आमच्या खिंडीत मेली. बिचाऱ्यांच्या घशाखाली भात उतरायचा नाही आणि आमची मिरची तोंडात गेली की डोळ्यांतनं धारा लागायच्या, असं आजी सांगायची. लढाई सरल्यावर गावानं वर्गणी काढून त्यांच्यासाठी हे मंदिर उभं केलं. बांधणारा लुंग सुतार जन्मभर नाटकाचे मंच बांधत आलेला. म्हणून छपराची टोकं अशी ऐटीत वर उचललेली, आणि आत कुणी कुजबुजलं तरी घुमतं. गावातली झाडून सगळी घरं-देवळं दक्षिणेला तोंड करून आहेत. हे एकटं उत्तरेला. नावांच्या शिळा दक्षिणेच्या भिंतीत, त्यांच्यासमोर दार, दारातून नदी, नदीपलीकडे खिंड, आणि खिंडीपलीकडे कुठेतरी त्या पोरांची घरं. ज्या बायकांनी त्यांना जेवू घातलं होतं त्यांनीच सुताराच्या मागे लागून हे असं करून घेतलं म्हणे.

बघायला छान, पण राहायला वैताग. उन्हाची तिरीप म्हणून आत येत नाही. पुढे दिवस फिरले, राज्य बदललं, ही पोरं जुन्या सरकारची म्हणून शिळांवर कुणीतरी चुना फासला, आणि मंदिर थंडगार आहे म्हणून तिथे लोणच्याचा कारखाना घातला. खांबाखांबाला टेकून आंबवलेल्या मिरच्यांचे रांजण उभे राहिले. थंग लान मावशी तिथे आली ती तेव्हा, मिरच्या चिरायला. खिंडीपलीकडच्या खेड्यातनं नुकतीच लग्न होऊन आलेली पोर होती ती.

त्या रांजणांच्या आंबट वाफेनं चुना सुटायला लागला. आज एक पोपडा, महिन्यानं दुसरा. एकेक नाव बाहेर यायचं, खाली त्याचं गाव. मिरच्या चिरता चिरता मावशी ती वाचायची. "छ्याव आला बघ आज," असं ती घरी येऊन सांगायची, जसा काही कामावर नवा गडी लागलाय. वरच्यांनी पुन्हा चुना फासायला सांगितलं की ही म्हणायची, चुना लोणच्यात पडतो, लोक आजारी पडले तर मला विचारू नका. पुढे कुणी त्या भानगडीत पडलं नाही. कारखाना बंद झाला, रांजण गेले, मंदिर परत मंदिर झालं, आणि राखण करायला मावशी तिथेच राहिली. अजूनही पाऊस लागला की खांबांना मिरचीचा वास सुटतो. "शिंका येत असतील पोरांना," असं म्हणून ती दार उघडं टाकते.

रोज सकाळी ती शिळांपुढे उत्तरेकडच्यासारखे वाफवलेले पाव ठेवते. भात नाही, मिरची तर नाहीच. एकदा मी थट्टेनं बशीत मिरचीचा ठेचा ठेवला, तर भिंतीपलीकडनं तिचा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू आला. सुतारानं आवाज घुमवायची सोय करून ठेवलीच होती.

आणि तक्रार. बाई गं, ती बाई किती तक्रार करायची. गुडघे धरले, भिंतीला शेवाळं आलं, रजई वाळत नाही, ज्यानं हे दार उत्तरेला केलं त्याचे हात का नाही गळून पडले. तालुक्याहून कुणीही आलं की हीच टकळी. मी म्हणायची, "मावशी, त्यांनी खरंच ऐकलं तर?"

"ऐकलं तर सोन्याहून पिवळं," ती म्हणायची. "ऊन खात बसेन, तुझ्या शेवयांची गरज उरायची नाही."

गेल्या हिवाळ्यात त्यांनी खरंच ऐकलं. तालुक्याचे श्यांग साहेब मोठी गुंडाळी घेऊन आले, मंदिरात आम्हा सगळ्या दुकानदारांना बोलावलं आणि नकाशा पसरला. दुरुस्तीला पैसे आलेत, म्हणाले. दक्षिणेची भिंत फोडून रस्त्याकडे मोठं दार काढायचं, उजेड येईल, पाहुणे येतील. शिळा तिथून काढून समोरच्या भिंतीत बसवायच्या आणि जुनं दार विटांनी बुजवायचं. वारा बंद.

"आणि सगळ्यांत आधी," साहेब मावशीकडे बघून हसले, "थंग आजींचे गुडघे. इतकी वर्षं तुम्ही सांगत होतात, आता तरी खूश ना?"

मी तर मनातल्या मनात दुकानापुढे दोन टेबलं वाढवलीसुद्धा. न्हाव्यानं टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र नकाशावर वाकली. तिनं बोटानं आधी शिळा दाखवल्या, मग बुजवलेलं दार.

"म्हणजे ही पोरं रस्त्याकडे बघणार?"

"हो आजी. येणाऱ्याजाणाऱ्यांकडे."

"आणि खिंडीकडे पाठ?"

साहेब जरा घुटमळले. "दिशेनं काय होतंय आता, आजी?"

"नको," ती म्हणाली.

मला असा संताप आला. "मावशी, जन्मभर डोकं उठवलंस आमचं," मी म्हटलं. "आता देतायत तर नको? तुझे गुडघे की आमचे?"

"माझेच. म्हणून तर मी बोलतेय."

मग ती उंबऱ्यावर बसली, नेहमीच्या जागी. तिथला दगड तिच्या बसण्यानं गुळगुळीत झालाय. आमच्याकडे न बघता बोलायला लागली. कुजबुजत होती, पण त्या छपराखाली एकेक शब्द ऐकू येत होता.

"लग्न होऊन आले त्या वर्षीच थंडीत आई गेली. निरोप आला तेव्हा खिंड बर्फानं बंद. सासरे म्हणाले, कुठे जातेस, मरशील वाटेत. मी कामावर आले, इथे बसले, आणि समोर बघत मिरच्या चिरल्या. रडले तर कुणाला कळलं नाही, मिरचीनं सगळ्यांचेच डोळे गळत होते. माहेर दिसत नव्हतं, पण कुठल्या बाजूला आहे ते दिसत होतं. तेवढ्यावर निभावलं मी. घरचा रस्ता बंद झालेली माणसं इथे मी एकटीच नव्हते."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि या खेपेला मिरचीचं निमित्तही नव्हतं.

"त्या पोरांना कुणी विचारलं नाही, दार बुजवायला हवं का," मावशी म्हणाली. "माझे गुडघे आज आहेत, उद्या नाहीत. गुडघ्यांसाठी दार बुजवू नका."

श्यांग साहेब तसा वाईट माणूस नाही. तेही दारापाशी जाऊन खिंडीकडे बघून आले. मग नकाशाची गुंडाळी केली आणि म्हणाले, "पण आजी, मग तुमचं काय?"

"माझं काय. मी बोंबलतेच आहे, बोंबलत राहीन."

भिंत फुटली नाही. छपराची कौलं बदलली, खांबांना तेल दिलं, आणि मंदिराला लागून असलेल्या मावशीच्या खोलीला दक्षिणेकडे एक बऱ्यापैकी खिडकी काढून दिली. ती साहेबांनी कुणाला न विचारता नकाशात घुसवली. माझ्या दुकानापुढे बोळाकडे बाण दाखवणारी पाटी लागली. पाहुणे अजून वळसाच घालतात, पण परतताना भूक लागून माझ्याकडेच येतात, तेव्हा माझंही फारसं अडलं नाही. अर्थात मावशीला मी हे सांगितलेलं नाही.

परवा छिंगमिंग होता. सगळं गाव आपापल्या माणसांची थडगी झाडायला डोंगरावर गेलं. मी लवकर उतरले आणि शेवयांचा वाडगा घेऊन मावशीकडे गेले. म्हटलं, बाई उन्हात पाय पसरून बसली असेल. खिडकीत लख्ख ऊन होतं, खाली तिची खुर्ची होती, आणि खुर्चीत मावशीऐवजी पावांची बशी.

मावशी बाहेर, वाऱ्यात, उंबऱ्यावर बसली होती, गुडघ्यांवर रजई घेऊन.

"अगं, तुझ्यासाठी खिडकी काढली ना ती?" मी म्हटलं. "पाव कसले शेकतेस?"

"थांब जरा, ऊब लागली का बघते." आत जाऊन तिनं एका पावाला हात लावून बघितला, मग बशी दोन्ही हातांनी उचलली आणि शिळांपुढे नेऊन ठेवली. "इतकी वर्षं गारठ्यात बसलीत पोरं. दार मी हलवू दिलं नाही, मग ऊन तरी मीच आणून द्यायला नको का?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आण त्या शेवया. मिरची घातलीयस ना भरपूर?"