हर्सूलचा थांबा

वाळूजच्या कारखान्याच्या शिफ्टबस एका सॉफ्टवेअरवर चालतात. त्यानं हिरवा दिवा दिला की ड्रायव्हर थांब्यावरून निघतो. ते आमच्या ताईंनी लिहिलं होतं. ताई म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सीनियर. त्या वारल्या आणि तो कोड माझ्या गळ्यात पडला. पुढं कारखान्याच्या आवारातलं आमचं ऑफिसही गुंडाळलं गेलं. तेव्हापासून हर्सूलच्या घरातून एकटाच काम करतो. वडीलही आता नाहीत. दिवसभरात बोलणं होतं ते दूधवाल्याशी, तेही "अर्धाच द्या" एवढंच.

परवा तक्रार आली, की सकाळची बस हर्सूलला उगाच थांबून राहते. कोड वाचून डोकं उठलं, म्हणून एडिटरमध्ये एक प्लगिन टाकलं. कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं, याचं ते चित्र काढतं, चौकटी आणि बाण. दिवा देणाऱ्या चौकटीतून एक बाण भलतीकडेच निघाला होता. तिथल्या फंक्शनचं नाव होतं 'थांब जरा'. ताई मराठीच नावं द्यायच्या, मी हसायचो. आत लिहिलं होतं, हर्सूलला या नंबरचं कार्ड बसमधल्या मशीनला टेकलं नसेल तर बस पाच मिनिटं धरून ठेवा.

नंबर माझ्या कार्डाचा होता.

वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांचं सगळं आवरून मी धावत सुटायचो. ऑफिसला नेणारी ही शिफ्टबस मात्र एकदाही चुकली नाही. त्याची ऑफिसात फुशारकी मारायचो. ताई मान न वळवता म्हणायच्या, "व्हय बाबा, तुझं नशीबच लई बळकट."

म्हणजे मी घरी बसल्यापासून बस रोज माझी वाट पाहत होती. मला रडू आलं. रागही आला. बाई, सांगायचं तरी होतं!

फंक्शन लगेच काढायला हवं होतं, माणसांना कामावर उशीर होत होता. पण हात धजेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड घेऊन थांब्यावर गेलो. बस उभी होती, आतली माणसं कुरकुरत होती. चढून कार्ड टेकवलं. दिवा लगेच हिरवा झाला.

"आज कामावर का, साहेब?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाय. निघा तुम्ही," म्हणत मी खाली उतरलो.

घरी येऊन ते फंक्शन काढून टाकलं. मग वाळूजला कळवलं, उद्यापासून बस हर्सूलला थांबून राहणार नाही.