फ्लेक्सवरचा हणमंत

आमची कंपनी उत्तरेला बर्फातल्या पोस्टवर होती. मी सुभेदार. नाईक हणमंत माझ्याच गावचा, शेळगावचा. त्या सकाळी पुढच्या चौकीत एक जवान आजारी पडला. त्याला आणायला कुणीतरी जायला हवे होते, आणि हवामान बिघडलेले होते. कंपनी कमांडरने फॉलइन घेतले, सगळ्यांना ओळीत उभे केले.

"हुकूम नहीं है. जो जाना चाहता है, एक कदम आगे."

हणमंत पुढे आला. जाताना त्याने माझ्याकडेही पाहिले नाही. दुपारी रेडिओवर त्याचा आवाज आला.

"चौकी दिसतीय, साहेब. ओव्हर."

"उतार सांभाळ. ओव्हर."

"व्हय साहेब. ओव्हर."

त्यानंतर उत्तर आले नाही. वरून बर्फ कोसळले होते. त्याला गावी मीच आणले. त्याची पोर सारिका तेव्हा चालायला शिकत होती.

निवृत्तीनंतर मी गावात ऊस लावला. आता गुडघे कुरकुरतात आणि सत्काराचे बोलावणे आले की अंगावर काटा येतो. यंदा तालुक्यातल्या एका युवक संघटनेची शाखा गावात निघणार होती. उद्घाटक मी. सभासद करायची आमच्याकडे एक रीतच पडली आहे. आधी फ्लेक्सवर फोटो छापायचा, खाली 'निवड झाल्याबद्दल अभिनंदन' लिहायचे, मग माणूस लाजेकाजेस्तव येतोच. चौकात इतके चेहरे लागलेत की आता म्हशीच तेवढ्या राहिल्यात.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला. वर हणमंत, वर्दीत. खाली सारिका. 'शहीदकन्या, शाखाप्रमुख.' सारिका बारामतीला कॉलेजात शिकते. एसटीतून उतरली ती थेट माझ्याकडे आली. डोळे लाल झाले होते.

"काका, मला कुणी इचारलंच न्हाय. माझी परीक्षा हाय. अन् आता न्हाय म्हणलं, तर लोक म्हणतील बापाचं नाव घालवलं."

मी मांडवात गेलो. संघटनेचा तालुकाध्यक्ष खुर्च्या लावून घेत होता. पोरगा वाईट नाही, पण फार घाईत असतो.

"सारिकाला विचारलं होतं का?"

"तिच्या चुलत्याला इचारलंय की, साहेब. लगेच व्हय म्हणाले."

"आणि पोरीला?"

"पोरीला काय इचारायचं? शहिदाची पोर हाय. तिचा फोटो बघून बाकीची पोरं धावत येतील."

माझे डोकेच फिरले. पण आता ओरडायचेही त्राण राहिलेले नाही. मी पाणी प्यालो आणि खुर्चीत बसलो.

माझी पाळी आल्यावर मी भाषण केले नाही. नवे सभासद नव्या टी-शर्टांत समोर ओळीने उभे होते. शेवटी सारिका, तिच्या साध्या ड्रेसमध्ये.

"हणमंतला आमच्या साहेबांनी विचारलं होतं," मी म्हणालो. "मीही विचारतो. हुकूम नाही. ज्याला स्वतःला यायचंय, त्यानं एक पाऊल पुढं यावं."

पोरांनी एकमेकांकडे पाहिले, मग अध्यक्षाकडे. चौघे पुढे आले. मी खाली उतरून त्यांच्याशी हात मिळवला. सारिका जागची हलली नाही. मांडवात कुजबुज सुरू झाली. तिचा चुलता मान खाली घालून बसला. तेवढ्यात बायकांमधून तिची आई, मंगलवहिनी, उठली आणि लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हिच्या बापाला मी अडवलं न्हाय," ती म्हणाली. "हिलाबी कुणी ढकलायचं न्हाय."

मला फार बरे वाटले, आणि फार दमल्यासारखेही.

संध्याकाळी फ्लेक्स उतरवला. असले फ्लेक्स आमच्याकडे कडब्यावर झाकायला जातात. त्याआधी कात्री मागून मी हणमंतचा फोटो तेवढा कापून घेतला आणि घरी आणला. त्या पोस्टवर आम्हा दोघांचा काढलेला फोटो तो. छापणाऱ्याने मला वगळले आहे. पण हणमंतच्या खांद्यावर एक हात राहून गेलाय, मनगटापर्यंतच. तो माझा आहे.