खिडकीतून लिहिलेली पानं

प्राचार्य झाले तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते, आणि त्या मोठ्या खुर्चीत बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आधीचे प्राचार्य ताडमाड. खुर्ची त्यांच्या मापाची. शिपायाने कपाटातून शब्दकोशाचा एक जाडजूड खंड काढला आणि पायाखाली सरकवला. प्राचार्य विंचू चावल्यासारखे उठले. ते बाइंडरचे चिरंजीव. वडिलांच्या दुकानात, खळीच्या वासात, शिवायला आलेल्या कागदांच्या ढिगाला टेकून वाचायला शिकलेले. पुस्तकावर पाय ठेवणं म्हणजे बापाच्या पाठीवर पाय ठेवणं.

"उचला हो ते," ते म्हणाले. "लोंबकळू देत पाय."

बावीस वर्षं ते पाय तसेच लोंबकळले. खुर्ची बदलायचं मात्र राहूनच गेलं. त्यांचं बरंच काही असं राहून गेलं.

मुलं त्यांना 'तळटीप' म्हणत. एक वाक्य बोलायचं आणि त्याच्याखाली चार टिपा जोडायच्या, ही त्यांची वर्गातली तऱ्हा. विषय प्राचीन नाटकं, आणि त्यातही निरोप्या. नाटकात लढाई पडद्यामागे होते, राजा पडद्यामागे मरतो, आणि एक माणूस धापा टाकत येऊन ते सगळं सांगतो. चार मिनिटं सगळं प्रेक्षागृह त्याच्या मुठीत असतं. मग तो जातो. त्याला नाव नसतं, आणि शेवटी प्रेक्षकांना नमस्कार करायलाही त्याला कुणी बोलावत नाही. अशा माणसावर एक मोठा ग्रंथ लिहायचा, हे तळटीप सरांचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, "दोन हजार वर्षांपूर्वीचा निरोप्या काय बोलला ते यांना तोंडपाठ. मी सकाळी दिलेला निरोप मात्र संध्याकाळपर्यंत टिकत नाही."

कलाशाखेचं ते छोटं कॉलेज. दगडी जिना, उंच खिडक्या, ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा सावल्या जास्त. पहिल्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं अवघी चौऱ्यांशी. नव्या प्राचार्यांनी एक रीत सुरू केली. दाखल्याबरोबर प्रत्येकाला एक पान द्यायचं, हाताने लिहिलेलं. या मुलात तीन वर्षांत आपल्याला काय दिसलं, एवढंच त्यात. नियम एकच होता, आणि तो त्यांनी हेडक्लार्कला बोलावून मुद्दाम समजावला.

"जी ओळ दुसऱ्या कुणालाही चालेल, ती इथे चालणार नाही. हुशार आहे, कष्टाळू आहे, भवितव्य उज्ज्वल आहे. ही वाक्यं म्हणजे भाड्याचे पोशाख, कुणाच्याही अंगावर चढतात."

"चढतात, पण खांद्यात उसवतात," हेडक्लार्क म्हणाले.

प्राचार्य हसले. त्या माणसाशी पुढची बावीस वर्षं त्यांचं रोज बोलणं झालं, पण इतकं मोकळं हसणं पुन्हा झालं असेल तर ते त्यांना आठवत नाही.

हेडक्लार्क तळमजल्यावर, अर्जांच्या खिडकीमागे बसत. किडकिडीत अंग, कानाला पेन्सिल, मोत्यासारखं अक्षर. खिडकीची लाकडी कड मुलांच्या कोपरांनी घासून बशीसारखी खोलगट झालेली. फॉर्म भरायला यायचं ते तिथे, हॉल तिकीट हरवलं म्हणून रडायचं ते तिथेच. मुलं त्यांना खिडकीकाका म्हणत. प्राचार्यांचा जिना मात्र पोर्चमधून थेट वरच्या मजल्यावर जायचा. खिडकी त्या वाटेवर लागत नसे.

पहिली आठ वर्षं प्राचार्यांनी पानं स्वतः लिहिली. परीक्षेनंतरचे दीड-दोन महिने त्यातच जात. हेडक्लार्क ती नीट उतरवून काढत, प्राचार्य खाली सही करत. होता होता एकाचं अक्षर दुसऱ्यासारखं झालं. मग मुलं झाली चारशे. समित्या आल्या, तपासणीला येणारी मंडळी आली, आणि घरी टेबलावर निरोप्यावरचा ग्रंथ ताटकळत बसला. नवव्या वर्षी मुलांच्या तीस पानांवर गाडं अडलं.

"तुम्ही मसुदा करा," त्यांनी हेडक्लार्कना सांगितलं. "मी बघतो."

"साहेब, मी मॅट्रिक. मी काय लिहिणार?"

"माहिती लिहा. भाषेचं मी बघून घेईन."

आठवड्याने चाळीस मसुदे वर आले. प्राचार्यांनी पहिले दोन वाचले. एक स्वल्पविराम घातला, मग तोही खोडला. भाषेत बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी दहा वाचले. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. सही तेवढी करत. असे मोकळे झालेले दोन महिने ग्रंथाला मिळाले. त्या महिन्यांत त्यांनी प्रस्तावना चार वेळा नव्याने लिहिली.

यात कुणाचं वाईट झालं? कुणाचंच नाही. तळटीप सर वाईट माणूस नव्हते. वेळ मारून नेणारा माणूस वाईट असायला लागतोच असं नाही.

निवृत्तीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. जुन्या विद्यार्थ्यांतली एक वकीलबाई माइकसमोर आली आणि पर्समधून चार घड्यांचं पान काढून वाचू लागली.

"रांगेत तुमचा नंबर नेहमी शेवटचा लागतो, कारण पुढच्या प्रत्येकाचा अर्ज तुम्ही भरून देता. लोक याला भोळेपणा म्हणतील, म्हणू द्यात. शेवटी उभ्या राहिलेल्या माणसाला सगळ्या रांगेचं गाऱ्हाणं ऐकू येतं, हे मात्र विसरू नका."

तिने पानाची पुन्हा घडी घातली. "मी शिक्षण सोडून घरी बसणार होते. हे वाचलं आणि कायद्याला प्रवेश घेतला. सर, तुम्ही मला रांगेत बघितलंत."

टाळ्यांनी छत दणाणलं. व्यासपीठावर प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कसली रांग? बावीस वर्षांत त्यांनी ती रांग एकदाही पाहिली नव्हती. समोर तिसऱ्या ओळीत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून हेडक्लार्क बसले होते. स्वतःच्या चपलांकडे बघत.

माइक हातात आला. नटाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, सगळा उजेड त्याच्यावर, आणि पुढचं वाक्य त्यालाच माहीत असतं. 'हे मी लिहिलेलं नाही. लिहिणारा तिसऱ्या ओळीत बसलाय.' एवढंच वाक्य. ओठांपर्यंत आलं होतं.

"शिक्षकाचं काम बघणं," ते म्हणाले. "मी फक्त बघत होतो."

पुन्हा टाळ्या. हेडक्लार्कही टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून. तेच प्राचार्यांना पुढे कितीतरी दिवस सहन झालं नाही.

घरी बायकोने हार खुंटीला अडकवला आणि विचारलं, "काय हो, तुम्ही ती रांग कधी बघितलीत? ती पास झाली त्या वर्षी तर तुम्ही दोन महिने या टेबलावरून उठला नव्हतात."

ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"आयत्या बिळावर नागोबा," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

ग्रंथ निवृत्तीनंतर एकदाचा पुरा झाला. सहाशे पानं. तीन प्रकाशकांनी तो आदरपूर्वक परत केला. चौथ्याने नुसताच परत केला. प्राचार्यांनी तो पेटीत ठेवला. आणि तीन वर्षांनी, ध्यानीमनी नसताना, त्यांचं पुस्तक दारात आलं.

वकीलबाईने जुन्या विद्यार्थ्यांकडून एकशे साठ पानं गोळा केली होती. छापखान्यातून नमुन्याची प्रत आली. वर प्राचार्यांचं नाव. बाइंडरच्या मुलाने सवयीने आधी शिवण पाहिली. शिवण पक्की होती. सोबत चिठ्ठी होती: 'सर, महिन्याभरात तुमची प्रस्तावना हवी.'

ते वाचत बसले. स्वतःची पानं त्यांनी बोटावर मोजली, तेवीस भरली. बरी होती, विद्वत्तापूर्ण होती. बाकीची एकशे सदतीस खिडकीतून लिहिलेली. 'तुम्ही भांडता तेव्हा समोरच्याला पाणी विचारता.' 'हरवलेली छत्री परत करायला तुम्ही चार दिवस माणूस शोधत होतात.' ज्या महिन्यांत त्यांनी नाव नसलेल्या निरोप्यावर लिहिलं, त्याच महिन्यांत एक जिवंत निरोप्या खाली त्यांच्या नावाने लिहीत होता. आता प्रस्तावनेत हे सांगायचं, की ही शेवटची संधीही दवडायची?

दुसऱ्या दिवशी ते हेडक्लार्कच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. पत्ताही कॉलेजच्या ऑफिसातून घ्यावा लागला. दुसरा मजला, अरुंद गॅलरी, खुर्चीत हेडक्लार्क. झटका येऊन गेला होता. उजवा हात मांडीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडलेला.

"साहेब! तुम्ही? कुणी गेलं का?"

"नाही हो. असाच आलो." त्यांनी पुस्तक पुढे केलं आणि अडखळत सगळं सांगितलं. तुमचं नाव घालतो म्हणाले.

हेडक्लार्कनी डाव्या हाताने पानं चाळली. "नको साहेब."

"का पण?"

"पोरांना वाटतं, वरच्या मजल्यावरच्या माणसानं आपल्याला ओळखलं. त्याच्यावर उभी राहिलीत ती. कारकून काय, सगळ्यांनाच ओळखतो. त्यात काय मोठंसं?"

प्राचार्यांना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल, तर त्या क्षणी आपल्याला हायसं वाटलं याची. सुंठेवाचून खोकला गेला! ते दोन जिने उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले. घरी जाऊन त्यांनी वकीलबाईला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं.

मग ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही कधीतरी जिन्यावरून वाकून बघितलं असेल."

"नाही."

"पानाची किंमत कमी नाही झाली, सर. उलट आता कळतंय, इतकं बारीक कुणी बघितलं ते. पण त्या दिवशी बोलला असतात, तर त्या टाळ्या काकांना मिळाल्या असत्या. सभागृह भरलेलं होतं. आता पुस्तकात लिहाल ती..."

"बोल."

"तळटीप होईल, सर."

आपलं टोपणनाव त्यांना माहीत होतं. पण ते कुणी तोंडावर इतक्या हळुवारपणे म्हटलं नव्हतं.

वकीलबाई त्याच रविवारी काकांकडे गेली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. फक्त कळवलं, 'काका तयार आहेत. अट अशी, की प्रस्तावना तुम्हीच लिहायची. पानासारखी. त्यांच्यावर.'

प्राचार्य टेबलाशी बसले. कोरा कागद, चांगली शाई. 'प्रामाणिक,' त्यांनी लिहिलं. 'कष्टाळू. मितभाषी.' वाचून पाहिलं. तिन्ही भाड्याचे पोशाख. त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. बावीस वर्षं रोज दिसणाऱ्या माणसाबद्दल, दुसऱ्या कुणालाही चालणार नाही अशी एक ओळ त्यांच्याकडे नव्हती.

"चहात साखर किती घेतात, ते तरी ठाऊक आहे?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग इथे कागद कुरतडत काय बसलात? जा की बघायला."

ते दर गुरुवारी जाऊ लागले. गॅलरीत समोरासमोर बसायचं. पहिले दोन गुरुवार हवापाण्यात गेले. हळूहळू कळत गेलं. साखर दोन चमचे, पण बायको बघत नसेल तर तीन. वयाच्या सोळाव्या वर्षी धाकट्या बहिणीला शिकता यावं म्हणून मॅट्रिकनंतर स्वतःचं शिक्षण सोडलेलं; ती बहीण आज परदेशात शिकवते आणि फोनवर भावाला व्याकरण सुधारायला लावते. जुन्या वहीत चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाची एकेक ओळ टिपून ठेवलेली. आणि हेही कळलं, की दर वर्षी मसुदे वर पाठवल्यावर हेडक्लार्क दोन दिवस उशिरापर्यंत खिडकीत थांबत, साहेब एखादं पान वाचून खाली बोलावतील म्हणून.

"मग?" प्राचार्यांनी विचारलं.

"मग काय, तुम्ही कामात असायचात."

पुस्तक चार महिने खोळंबलं. छापखानेवाला चिडला, वकीलबाईने त्याला सांभाळलं. शेवटच्या गुरुवारी प्राचार्यांनी पान आणलं. आठ ओळी. हेडक्लार्कनी चष्मा लावला. परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखे तळटीप सर गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहिले.

वाचायला बराच वेळ लागला. मग डाव्या हाताचं बोट शेवटच्या ओळीवर टेकलं. तिथे लिहिलं होतं, 'असा माणूस माझ्या आयुष्यात आला, हे माझं भाग्य.'

"एवढी काढा, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. "ही कुणालाही चालेल."

प्राचार्यांनी खिशातून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. उरल्या सात.