‘नवरा मारायचा’ असं लिहा

“नवरा मारायचा, असं लिहू या,” वकील म्हणाले. माझी धाकटी बहीण खुर्चीतून उठलीच.

“अहो, तो झुरळावरसुद्धा चप्पल उगारत नाही.”

“मग संमतीने घटस्फोट घ्या, ताई.”

“तो सही देत नाही. सहा वर्षं वेगळे राहतोय आम्ही.”

“घर तुम्ही सोडलंत. नुसतं पटत नाही, हे कायद्यात कारण नाही. छळ दाखवावा लागतो. सगळेच लिहितात.” त्यांनी तयार मजकूर पुढे सरकवला. त्यात एका ठिकाणी आधीच्या कुठल्यातरी बाईच्या नवऱ्याचं नाव तसंच राहिलं होतं.

पनवेल कोर्टासमोर रिक्षात बसून हे लिहितेय. राग आवरत नाही. मोडलेलं लग्न मोडलं म्हणायला आपला कायदा एक गुन्हेगार मागतो. नसला तर तयार करायला लावतो. मग जिला खरोखर मार बसतो, तिच्या कागदावर कोण विश्वास ठेवणार? तुमच्यापैकी कितीजणींनी असं खोटं लिहून दिलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी: बहिणीने त्या मजकुरावर सही केली. मग नवऱ्याला फोन करून म्हणाली, “नोटीस येईल. त्यातलं खोटं आहे. आईंना वाचू देऊ नकोस.”